नसलेला तांबेरा बरा करून दाखवला आणि मी फसलो

दोन हंगामांपूर्वीची गोष्ट. तांबेरा म्हणजे गव्हावर गंजासारखे भुकटीचे फोड आणणारा बुरशीचा रोग. लिहायला लाज वाटते कारण शेती काय मी काल सुरू केलेली नाही, पण ज्या पद्धतीने गंडवलं ती इतकी साधी आहे की अजून कितीजण त्यात अडकत असतील, म्हणून लिहितोय.

गव्हाचे फुटवे फुटून झाले होते. पाऊस झाला, सखल भागात पाणी साचून राहिलं आणि बरोबर तिथलाच गहू पिवळा पडायला लागला. मी घाबरून फोटो काढला आणि एका औषध विकणाऱ्याला पाठवला, ओळखीतून नंबर मिळाला होता. दुसऱ्या दिवशी गडी हजर. बांधावरूनच बघितलं, वाकून एक पान पण तोडलं नाही आणि म्हणाला, "दादा, हा पिवळा तांबेरा. आठ दिवसात सगळं रान जाईल. युगांडातून आलेला तो यूजी 99 आहे ना, तोच हा." यूजी 99 हे नाव मी कुठेतरी वाचलेलं होतं, त्यामुळे माणूस अभ्यासू वाटला. नंतर कळलं की यूजी 99 हा काळा तांबेरा आहे, 1998 ला युगांडात सापडला आणि 1999 ला नाव पडलं, तो मुख्यतः खोडावर येतो, त्याचा आणि माझ्या पिवळ्या पानांचा काडीचा संबंध नव्हता. पण त्यावेळी कोण बघतंय.

त्याने बाटल्या दिल्या. "सेंद्रिय आहे, सगळ्या बुरशीवर चालतं, बिलाचं नंतर बघू." आणि निघताना एक गोष्ट दोनदा बजावून गेला, "एक कोपरा पण सोडू नका हं, सगळ्या रानावर मारा." हे वाक्य लक्षात ठेवा.

मारलं. आणि आठवड्याभरात गहू हिरवा झाला ना! मी इतका खुश की चार जणांना नंबर दिला, मेहुण्याला तर आग्रह करून त्याच्या जवासाठी घ्यायला लावलं.

आता यात गोम काय ते सांगतो, मला कळायला पुढचं सगळं नुकसान व्हावं लागलं. तांबेऱ्याने गेलेलं पान कधीच परत हिरवं होत नाही. चांगलं बुरशीनाशक मारलं तरी फोड सुकतात, नवीन पानं वाचतात, पण डाग तसेच राहतात, करपलेले. माझा पिवळेपणा पाणी साचून नत्र कमी पडल्याचा होता. खालची जुनी पानं, शेंड्याकडून पिवळी, हात लावला तर भुकटी वगैरे काही नाही. बाटलीत बहुतेक युरियाच असणार, रंग टाकलेला, आणि तोवर पाणी पण ओसरलं होतं, म्हणजे गहू तसाही सुधारलाच असता. एक पट्टा सोडला असता तर तिथला गहू पण हिरवा होताना दिसला असता. म्हणून तर "कोपरा सोडू नका".

खरा तडाखा निसवणीला, म्हणजे ओंब्या बाहेर पडताना बसला. यावेळी पानांवर नारिंगी-तपकिरी गोल फोड, इकडे तिकडे विखुरलेले, पांढऱ्या रुमालाने पुसलं तर रुमाल विटकरी रंगाचा. हा खरा तांबेरा, तपकिरी. आणि मी काय केलं तर उरलेल्या त्याच बाटल्या मारल्या, कारण "मागच्या वेळी गुण आला होता". दहा दिवस वाट बघितली. तांबेऱ्याला हवामान मानवलं तर एका फोडातून पुढचे फोड यायला साधारण तेवढेच दिवस लागतात, म्हणजे मी त्याला आरामात एक पिढी वाढवून दिली. ओंबीच्या लगेच खालचं जे पान, दाणा भरण्यात ज्याचा मोठा वाटा, त्याच्यावर पोचला. मग धावपळ करून टेब्युकोनाझोल हे खरं बुरशीनाशक आणलं, पण वेळ गेली होती. दाणा भरलाच नाही, सुरकुतलेला, हातात घेतला तरी हलका लागायचा. त्या बाटलीवाल्याला फोन केला तर म्हणे "तुम्ही उशिरा मारलं."

मेहुण्याचं तर अजून वाईट. त्याच्या जवाच्या पानांवर लांबच्या लांब फिकट पट्टे, मग ते तपकिरी होऊन पान उभं चिरत गेलेलं आणि कितीतरी झाडांची ओंबी पोटरीतच, म्हणजे पानाच्या आवरणातच अडकलेली. तो पट्टे रोग, बियाण्यातून येतो, उभ्या पिकावर अमृत मारलं तरी उपयोग नाही. शेजारच्या गव्हात काही ओंब्यांवर दाण्याऐवजी काळी भुकटी होती, त्यावर पण त्याच बाबाने फवारणी विकली! ती काणी हो, तोही बुरशीचाच रोग. आदल्या हंगामात फुलोऱ्यात वाऱ्याने उडून लागलेली असते, दाण्याच्या आत जाऊन बसते, बियाणं दिसायला अगदी चांगलं आणि पुढच्या हंगामात ओंबी काळी. तिच्यावर इलाज म्हणजे पेरणीआधी कार्बोक्सिन किंवा टेब्युकोनाझोलसारख्या आंतरप्रवाही (आत शिरणाऱ्या) औषधाची बीजप्रक्रिया. काळी ओंबी दिसली की पिशवी घालून उपटायची आणि त्या रानातलं बी ठेवायचं नाही, एवढंच हातात असतं. मावा येऊन विषाणूने पान पिवळं पडलं असेल तर त्यालाही बुरशीनाशक काही करत नाही. म्हणजे "सगळ्यावर चालतं" म्हणणारा माणूस तिथेच खोटा ठरतो, पण ते कळायला आपल्याला थोडं तरी माहीत पाहिजे.

नंतर रिकामी बाटली नीट बघितली. मोठ्या अक्षरात नाव, गव्हाचा फोटो, आणि आत कोणता घटक किती टक्के ते कुठेच नाही. बॅच नंबर नाही, नोंदणी क्रमांक नाही, मुदत नाही. तक्रार करायला गेलो तर पहिला प्रश्न, बिल कुठे आहे? माझ्याकडे नुसते मेसेज. खाली मान घालून परत आलो.

आता मी पान खिशातल्या पांढऱ्या कागदावर घासतो आणि मगच फोन करतो. भुकटी लागली तर बघायचं की फोड शिरांच्या ओळीत पिवळे आहेत का, थंडी आणि दव असेल तर पिवळा तांबेरा असतो तो. काही लागलं नाही तर आधी मुळं आणि निचरा बघतो. बांधावरून रोग ओळखणाऱ्याला म्हणतो, आधी रानात उतर बाबा. आणि कोणतंही नवीन औषध असो, चार पावलांचा एक पट्टा कोरा ठेवतोच. मेहुणा अजून या विषयावर माझ्याशी बोलत नाही, ते वेगळं.

परवा त्याच माणसाचा परत मेसेज आला, वेगळ्या नावाची बाटली, आणि कुणाच्या तरी शेताचे आधी आणि नंतरचे फोटो. मोठा करून बघितला. आधीच्या फोटोत फक्त खालचीच पानं पिवळी होती.