आठ महिने ब्राउझरच्या भरवशावर: क्रोमबुकवर दिवाळी अंक काढताना आलेला अनुभव

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी माझा नऊ वर्षांचा विंडोज लॅपटॉप कपाटात ठेवला आणि 8 जीबी रॅम व 64 जीबी साठवण असलेले एक क्रोमबुक, म्हणजे गूगलच्या क्रोमओएस या प्रणालीवर चालणारा लॅपटॉप, कामासाठी घेतले. माझे काम एका छोट्या दिवाळी अंकाच्या संपादनाचे आणि मुद्रितशोधनाचे आहे. जूनमध्ये लेख यायला लागतात आणि ऑक्टोबरमध्ये अंक छापखान्यात जातो. आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात राहतो, त्यामुळे या कामाचे ऐन महिने मुसळधार पावसाचे असतात, आणि त्या दिवसांत वीज व इंटरनेट या दोन्हींचा भरवसा धरता येत नाही. ‘वेब हीच आता ऑपरेटिंग सिस्टिम आहे’ हे वाक्य मी बरीच वर्षे वाचत आले होते. या वर्षी संपूर्ण अंक त्याच भरवशावर काढायचा आणि शक्यतो एकही प्रोग्रॅम इन्स्टॉल करायचा नाही, असे मी ठरवले होते.

ऑपरेटिंग सिस्टिमचे काम नेमके काय असते, हे लक्षात घेतल्याशिवाय या अनुभवाचे मोल करता येणार नाही. ती एकाच यंत्रावर अनेक प्रोग्रॅम चालवते, त्यांच्यात प्रोसेसरचा वेळ आणि रॅम वाटून देते, एकाची चूक दुसऱ्याला भोवू देत नाही, उपकरणांशी बोलते आणि आपल्या फायली सांभाळते. ब्राउझर मुळात कागदपत्रे दाखवण्यासाठी जन्माला आला. पान न बदलता मागच्या मागे सर्व्हरशी बोलण्याची सोय मायक्रोसॉफ्टने आउटलुकच्या वेब आवृत्तीसाठी केली आणि 1999 मध्ये ती इंटरनेट एक्सप्लोरर 5 या त्यांच्या ब्राउझरमध्ये आली. 2004 मध्ये जीमेल आणि 2005 मध्ये गूगल मॅप्स आले, तेव्हा ब्राउझरमध्ये खरोखरीचा प्रोग्रॅम चालू शकतो हे सर्वांनी पाहिले. सप्टेंबर 2008 मध्ये आलेल्या गूगलच्या क्रोम ब्राउझरने प्रत्येक टॅबला स्वतंत्र प्रोसेस देण्याची, म्हणजे प्रत्येक टॅब वेगळ्या प्रोग्रॅमसारखा अलग चालवण्याची रचना स्वीकारली आणि जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या प्रोग्रॅमिंग भाषेसाठी व्ही8 हे वेगवान इंजिन आणले. ही रचना ब्राउझरपेक्षा ऑपरेटिंग सिस्टिमच्या अधिक जवळची होती. जुलै 2009 मध्ये क्रोमओएसची घोषणा झाली आणि जून 2011 मध्ये पहिली क्रोमबुके विक्रीला आली. तळाशी लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा असतो, परंतु वापरणाऱ्याच्या समोर ब्राउझरच असतो.

ही कल्पना आपल्याकडे अधिक मोठ्या प्रमाणावर पोहोचली ती मात्र लॅपटॉपमधून नव्हे. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने फायरफॉक्स ओएस नावाची फोनसाठीची प्रणाली काढली होती, आणि तिच्यावरचे सगळे अ‍ॅप वेबपानांच्याच भाषेत, म्हणजे एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेले असत. मोझिलाने ती सोडून दिली, पण तिच्यातून कायओएस तयार झाली आणि 2017 मध्ये आलेल्या जिओफोनमध्ये ती बसवलेली होती. आमच्या वाडीतल्या ज्या बायकांनी त्या बटणांच्या फोनवर पहिल्यांदा व्हिडिओ पाहिले, त्यांनी वेबची ऑपरेटिंग सिस्टिम माझ्या कितीतरी आधी वापरली. या विषयावर लिहिताना त्यांचा उल्लेख क्वचितच होतो, म्हणून तो येथे मुद्दाम केला आहे.

रोजच्या वापरात क्रोमबुकने मला जे दिले ते आधी सांगते. झाकण उघडल्यावर काही सेकंदांत काम सुरू करता येते आणि आठ महिन्यांत एकदाही अपडेटसाठी ताटकळत बसावे लागले नाही. प्रणालीच्या दोन प्रती यंत्रात असतात: एक चालू असताना दुसरी मागे अद्ययावत होते, आणि पुढच्या वेळी यंत्र सुरू करताना नवी प्रत वापरली जाते. सुरू होताना प्रणालीत कोणी फेरफार केला आहे का, याची तपासणीही होते. जूनच्या अखेरीस माझ्या हातून क्रोमबुक पडले आणि पडद्याला तडा गेला. पडदा बदलून येईपर्यंत नऊ दिवस भाचीचे क्रोमबुक वापरले. त्यावर माझ्या खात्याने प्रवेश केल्यावर अर्ध्या तासात माझे बुकमार्क, एक्स्टेन्शने, टंकनाची मांडणी आणि अर्धवट तपासलेले लेख समोर होते, आणि भाचीच्या खात्यातल्या कशालाही माझा धक्का लागला नाही. जुन्या लॅपटॉपवर असा प्रसंग आला असता, तर त्या वर्षीच्या अंकाचे वेळापत्रक कोलमडले असते.

मराठी लिहिण्या-वाचण्याच्या बाबतीत मला सर्वाधिक शंका होती आणि सर्वाधिक समाधान तिथेच मिळाले. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक मुद्रितशोधकासाठी जीवनमरणाचा असतो. एक समुद्र आहे आणि दुसऱ्या डोंगरांमधल्या आहेत. क्रोममध्ये अक्षरांची जुळणी हार्फबझ नावाचे मुक्त सॉफ्टवेअर करते, आणि त्याच्याकडून चंद्रकोरीसारखा अर्धा र ज्या त्या जागी बिनचूक उमटतो. त्याहून आनंद झाला तो मराठी वळणाचे ल आणि श पाहून. ज्या फॉण्टमध्ये मराठी आणि हिंदी अशी दोन्ही वळणे असतात, तिथे पानाची भाषा मराठी असल्याचे नोंदवले की ब्राउझर मराठी वळण निवडतो. ‘तिरो देवनागरी मराठी’सारख्या फॉण्टमध्ये ते वळण मुळातच आहे. हे फॉण्ट वेबवरून येतात, त्यामुळे लेखकाच्या संगणकावर फॉण्ट नाही म्हणून लेखाच्या जागी चौकोन दिसले, असे यंदा एकदाही झाले नाही.

आमच्या अंकाचे निम्मे ज्येष्ठ लेखक अजूनही श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व पद्धतीत, म्हणजे सर्व संगणकांना समजणारे अक्षरांचे समान क्रमांक येण्याआधीच्या पद्धतीत, लेख टंकून पाठवतात. अशी फाईल उघडली की मूळ फॉण्टशिवाय रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. यासाठी वेबवर रूपांतराची पाने आहेत, आणि त्यांतली अनेक संपूर्णपणे ब्राउझरमध्येच चालतात. पान एकदा उघडले की लेखातला मजकूर कुठेही न पाठवता तिथल्या तिथे युनिकोडमध्ये बदलला जातो. रूपांतरानंतर जोडाक्षरे आणि रफार तपासावे लागतातच, पण पूर्वी ज्या कामासाठी मला तालुक्याच्या गावी टंकलेखन केंद्रात जावे लागे, ते आता बसल्या जागी होते. मुखपृष्ठाच्या छायाचित्रांसाठी फोटोपी हे छायाचित्र-संपादनाचे अ‍ॅप वापरले, आणि तेही ब्राउझरमध्येच. 2017 मध्ये सर्व प्रमुख ब्राउझरांत आलेल्या वेबअसेम्ब्ली या तंत्रामुळे सी आणि सी++ या भाषांमध्ये लिहिलेले जुने, मोठे प्रोग्रॅमही ब्राउझरमध्ये आणता येऊ लागले आहेत. वेग कमी पडतो ही जुनी तक्रार मला माझ्या कामात तरी करता येणार नाही.

जुलैत झाड पडून केबल तुटली आणि अडीच दिवस इंटरनेट नव्हते. नेट नसताना वेब अ‍ॅप चालू शकते, याचे कारण सर्व्हिस वर्कर हा घटक आहे: तो ब्राउझरमध्ये बसून पानाचे आवश्यक भाग साठवतो आणि सर्व्हरशी संपर्क नसला तरी ते पुरवतो. माझा अनुभव असा की, जे लेख मी आधी ऑफलाइनसाठी निवडून ठेवले होते ते पूर्ण चालले, त्यांवर केलेल्या दुरुस्त्या नेट आल्यावर आपोआप वर गेल्या, आणि जे निवडायचे राहिले होते त्यांची केवळ नावे दिसत राहिली. शब्दकोश म्हणून मी जी पाने वापरते त्यांपैकी एकही उघडले नाही, कारण त्यांच्या कर्त्यांनी ही सोय केलेलीच नव्हती. म्हणजे नेटशिवाय काम चालणे हा या ‘ऑपरेटिंग सिस्टिम’चा गुण नाही, प्रत्येक अ‍ॅपच्या कर्त्याने ते आवर्जून घडवावे लागते. ब्राउझरमध्ये साठवलेली ही सामग्री यंत्रावरची जागा कमी पडली तर ब्राउझर स्वतःहून काढूनही टाकू शकतो, जोपर्यंत त्या संकेतस्थळाने ती कायम ठेवण्याची परवानगी मिळवलेली नाही. ही गोष्ट फारच थोड्या वापरकर्त्यांना ठाऊक असते, आणि ती सर्वांना ठाऊक असायला हवी असे मला कळकळीने वाटते.

आता मूळ मुद्द्याकडे येते. वेबने ऑपरेटिंग सिस्टिमची बहुतेक कामे उत्तम उचलली आहेत. फायली सांभाळण्याचे काम मात्र तिने उचललेले नाही. जुन्या लॅपटॉपवर ‘अंक’ नावाच्या एका फोल्डरमध्ये लेख, चित्रे, जाहिराती, मानधनाचा हिशेब आणि पत्रव्यवहार असे सारे एकत्र असे. त्यातला एखादा लेख मी आज एका प्रोग्रॅममध्ये उघडत असे आणि उद्या दुसऱ्या, कारण फाईल कोणत्याही प्रोग्रॅमची नव्हती, माझी होती. वेबवर याच्या उलट घडते. एका संकेतस्थळाच्या कोडला दुसऱ्या संकेतस्थळाने साठवलेले काही वाचता येत नाही, हा सुरक्षिततेचा पायाभूत नियम आहे आणि तो योग्यच आहे, परंतु त्यामुळे प्रत्येक अ‍ॅप आपापल्या भिंतीआड आपला माल ठेवते. लेख एकीकडे, चित्रे दुसरीकडे, हिशेब तिसरीकडे, आणि एकातून दुसऱ्यात न्यायचे तर आधी उतरवून घ्या व मग चढवा. ऑगस्टच्या शेवटी माझ्याकडे एकाच कथेच्या चार प्रती चार ठिकाणी होत्या आणि त्यांतली अखेरची कोणती हे ठरवायला एक संपूर्ण संध्याकाळ गेली.

याच महिन्यात याहून मोठा फटका बसला. पानांची मांडणी मी ज्या एका ऑनलाइन सेवेत करत होते, तिने विनामूल्य खात्यातल्या जुन्या कामाची मुदत बदलली. सूचनेची ईमेल आली होती, ती माझ्याकडून वाचायची राहिली आणि मागच्या तीन अंकांचे मांडणीचे साचे गेले. पीडीएफ माझ्याकडे होत्या, पण त्यांवरून नवा अंक उभा करता येत नाही. पानांच्या मांडणीचा पेजमेकर हा प्रोग्रॅम बनवणे कंपनीने कधीच थांबवले, तरी जुन्या लॅपटॉपवरची त्याची फाईल त्या प्रोग्रॅमसह आजही उघडते. वेबवर मात्र सेवा, प्रोग्रॅम आणि दस्तऐवज हे तिन्ही एकाच दाराआड असतात. दार बंद झाले की तिन्ही एकदम जातात.

ही उणीव जाणकारांच्या लक्षात आलेली नाही असे नाही. 2020 पासून क्रोममध्ये अशी सोय आहे की आपण परवानगी दिल्यास वेब अ‍ॅप यंत्रावरचीच फाईल उघडते आणि तिथेच जतन करते, उतरवण्या-चढवण्याचा फेरा पडत नाही. परंतु निवडलेल्या फाईलवर असे थेट लिहिण्याची मुभा फायरफॉक्स आणि सफारी या ब्राउझरांनी स्वीकारलेली नाही, त्यामुळे अ‍ॅप बनवणारेही तिच्यावर विसंबत नाहीत. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी ‘सॉलिड’ हा प्रकल्प याच विचारातून सुरू केला: माहिती वापरणाऱ्याच्या स्वतःच्या कोठारात राहावी आणि अ‍ॅपने तिथे परवानगी मागून यावे. माझ्या कामात उपयोगी पडेल असे त्यावर आधारलेले अ‍ॅप मला आजवर मिळालेले नाही. तरीही दिशा हीच असायला हवी असे माझे ठाम मत आहे.

छपाईच्या टप्प्यावर माझा नियम मोडला. ब्राउझरमधून काढलेली पीडीएफ आरजीबी, म्हणजे पडद्यासाठीच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत असते. आमच्या आतल्या पानांना केवळ काळी शाई लागते, आणि अशी पीडीएफ तशीच प्लेटसाठी गेली तर काळे अक्षर चार शायांत विभागले जाण्याचा धोका असतो. बारीक अक्षराच्या कडा मग फाटलेल्या दिसतात. छापखान्यातल्या काकांनी पहिल्याच नमुन्यावर हे दाखवून दिले. शेवटी क्रोमबुकमधला लिनक्सचा विभाग सुरू केला, त्यात स्क्रायबस हा पानांच्या मांडणीचा मुक्त प्रोग्रॅम इन्स्टॉल केला आणि अंतिम मांडणी त्यातच केली. हा विभाग 2018 पासून क्रोमओएसमध्ये आहे आणि तो वेगळ्या आभासी यंत्रात बंदिस्त असल्याने उरलेल्या प्रणालीला त्याचा उपद्रव होत नाही. अंक वेळेवर निघाला. मात्र तो केवळ वेबवर निघाला असे मी म्हणणार नाही.

एक गोष्ट थोडक्यात. डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन ज्यांना वापरावे लागते, त्यांनी जुना विंडोज संगणक टाकून देऊ नये. अशा टोकनांसाठी लागणारे सॉफ्टवेअर क्रोमओएससाठी बहुधा मिळत नाही. आमच्या मंडळाच्या खजिनदारांची स्वाक्षरी त्यामुळे कपाटातल्या लॅपटॉपवरूनच करावी लागली.

कोणी क्रोमबुक घेणार असेल तर रॅम 8 जीबीपेक्षा कमी घेऊ नये, कारण रॅम कमी पडली की ब्राउझर मागचे टॅब मिटवतो आणि परत गेल्यावर ते पुन्हा उघडण्याची वाट पाहावी लागते. त्या मॉडेलला अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळणार आहेत हेही आधी पाहावे. सप्टेंबर 2023 मध्ये गूगलने दहा वर्षांचे अपडेट जाहीर केले, पण ती वर्षे यंत्राचा मूळ नमुना बाजारात आल्यापासून मोजली जातात, आपण विकत घेतल्यापासून नव्हे. दुकानात सवलतीत मिळणाऱ्या यंत्राची त्यातली चार-पाच वर्षे आधीच सरलेली असू शकतात.

कपाटातला लॅपटॉप मी परत कामाला काढणार नाही. दर रविवारी सकाळी सगळ्या सेवांमधले लेख, चित्रे आणि हिशेब उतरवून घेते आणि एका बाहेरच्या डिस्कवर ‘अंक’ याच नावाच्या फोल्डरमध्ये ठेवते. त्याला पाऊण तास लागतो. पुढच्या जूनपासून लेखकांचे मूळ लेख आधी त्या फोल्डरमध्ये जातील, आणि तपासणीसाठी मी असेच वेब अ‍ॅप वापरणार आहे जे तिथली फाईल तिथेच उघडते.