तीन वेळा गॅस भरला पण लीकेज कुणी शोधलंच नाही, शेवटी शंभर फुटी रोडवरच्या दुकानानं काम केलं

आमचा दीड टनाचा इन्व्हर्टर एसी अण्णांच्या म्हणजे सासऱ्यांच्या खोलीत आहे. त्यांची बायपास झाल्यापासून उन्हाळा अजिबात सहन होत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये सांगलीत पारा ४० च्या आसपास असतो, त्यात आमचा वरचा मजला, स्लॅब रात्री अकरापर्यंत तापलेलाच. त्यामुळे हा एसी बंद पडला की मला खरंच धडकी भरते.

गेल्या दोन उन्हाळ्यांत तीन वेळा गॅस भरला. प्रत्येक वेळी २,८०० रुपये. वेगवेगळे लोक आले पण सगळ्यांचं काम एकच, बाहेरच्या युनिटला गेज लावायचं, गॅस सोडायचा, थंड हवा आली की पैसे घेऊन जायचं. तीन-चार महिन्यांत परत तेच, बाहेरच्या बारीक पाईपवर बर्फ धरायचा, कॉम्प्रेसर थांबतच नव्हता, लाईटबिल वाढलेलं आणि अण्णा घामानं भिजलेले. शेवटी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला कळवलं तर त्यांच्या माणसानं कव्हरसुद्धा न उघडता सांगितलं, कूलिंग कॉईल गेली, १४,००० लागतील.

मग शेजारच्या काकूंनी शंभर फुटी रोडवरच्या या दुकानाचा नंबर दिला. छोटंसंच दुकान आहे, बाहेर जुनी वॉशिंग मशीन रचून ठेवलेली. मालक स्वतःच कामाला येतात, सोबत एक पोरगा. मी त्यांना म्हणलं परत गॅस संपलाय, तर म्हणाले, "वहिनी, गॅस संपत नसतो. ते काय पेट्रोल हाय का जळायला? कंपनीनं भरलाय तेवढाच आत गोल फिरतो. कमी झाला म्हणजे त्याला कुठंतरी वाट मिळालीय. ती वाट बुजवल्याशिवाय मी गॅस भरणार नाही." एवढं साधं वाक्य आधीच्या एकानंही मला सांगितलं नव्हतं.

आमच्या मशीनमध्ये आर-३२ गॅस आहे, तो पेट घेऊ शकतो, म्हणून आधी त्यांनी देवघरातला दिवा शांत करायला लावला, खिडक्या उघडल्या आणि मगच उरलासुरला गॅस काढला. त्यानंतर नायट्रोजनचं सिलिंडर लावून ३५० पीएसआयपर्यंत (हे दाबाचं माप) प्रेशर दिलं आणि गेज तसंच ठेवून गेले. म्हणाले रात्रभर राहू दे. सकाळी मी चहा ठेवायच्या आधी जाऊन बघितलं तर काटा ३१० वर. मला वाईट वाटण्याऐवजी बरंच वाटलं, निदान समजलं तरी की खरंच गळतंय.

ते दहाला आले. बाहेरच्या युनिटचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून ते वेगळं पाडलं, तरी प्रेशर उतरतच होतं, म्हणजे बिघाड पाईपमध्ये नाहीतर आतल्या युनिटला. मग आतलं युनिट भिंतीपासून थोडं उचलून मागच्या जॉईंटवरची काळी टेप सोडली. टेप आतून तेलकट झाली होती. गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेल फिरतं, त्यामुळे जिथं तेलाचा डाग दिसतो तिथं संशय घ्यायचा. ब्रशनं साबणाचं पाणी लावलं आणि पितळेच्या नटावर एका बाजूला दुधावर येतो तसा बारीक फेस यायला लागला. मला बोलावून दाखवलं. नटाला केसाएवढी चीर होती. बसवताना कुणीतरी पान्यानं जास्त आवळला असणार. दोन वर्षं आम्ही त्या चिरेतून पैसे सोडत होतो! आणि कॉईल एकदम चांगली होती.

त्यांनी पाईपचं टोक कापलं, कापताना आत आलेली धारदार कड (बर) काढली, नवीन नट घालून पाईपचं तोंड परत फाकवलं, म्हणजे नवीन फ्लेअर केली, आणि टॉर्क रेंचनं मोजून आवळलं. परत ३५० चं प्रेशर, चार तास काटा जागचा हलला नाही. मग पंप लावून पाऊण तास व्हॅक्यूम, म्हणजे आतली हवा ओढून काढली, कारण आत हवा किंवा ओल राहिली तर कॉम्प्रेसरचं तेल खराब होतं. आधीचे लोक हे करतच नव्हते. शेवटी सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून युनिटच्या स्टिकरवर लिहिलेला ७५० ग्रॅम गॅस मोजून भरला. इन्व्हर्टरमध्ये कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त होतो, म्हणून नुसत्या गेजवर भरवसा ठेवायचा नसतो, असं त्यांनी सांगितलं.

एकूण ४,३०० झाले. जॉईंटची सहा महिने गॅरंटी दिली, कॉईलची नाही, आणि हे आधीच स्पष्ट सांगितलं. कॉईलला खरंच बारीक भोकं पडली असती तर मीच नवीन घाला म्हणलो असतो, असंही म्हणाले.

या गोष्टीला आता दहा महिने झाले. सर्व्हिसिंगला आले होते, कूलिंग तसंच आहे, पाईपवर बर्फ नाही, आणि यंदा अण्णा दुपारी शांत झोपले.

तक्रारी दोन आहेत. पहिल्यांदा बोलावलं तेव्हा सांगितलेल्या दिवसापेक्षा दोन दिवस उशिरा आले, उन्हाळ्यात तेवढी वाट बघणं अवघड जातं. आणि भिंतीवर तेलाचे हात लागले होते ते तसेच ठेवून गेले. बिल मागावं लागतं पण मागितलं की व्यवस्थित लिहून देतात. कामावर असताना ते फोन उचलत नाहीत, त्यामुळे संध्याकाळी सातनंतर लावा, आणि जमलं तर मार्चमध्येच बोलवा.