डॅनमच्या नावाखाली आम्हाला भलत्याच जंगलात फिरवलं

बोर्निओला पक्षी बघायला जायचा विचार असेल तर हे पूर्ण वाचा. मोठं झालंय, पण बारीकसारीक गोष्टी मुद्दाम लिहितेय, कारण आम्ही त्याच गोष्टींमध्ये फसलो.

बाबा रिटायर झाल्यापासून त्यांच्या मनात दोनच पक्षी होते, ब्लू-हेडेड पिट्टा आणि ब्रिसलहेड. पिट्टा म्हणजे नवरंगाचा भाऊबंद, आणि हा फक्त बोर्निओतच सापडतो. ब्रिसलहेडचं तर अख्खं कुळच एका जातीचं, तोही जगात दुसरीकडे कुठेच नाही. मी ठरवलं की बाबांना सबाहला न्यायचंच, म्हणजे मलेशियाच्या बाजूच्या बोर्निओतलं एक राज्य. एका ओळखीच्यांकडून व्हॉट्सॲपवर एक नंबर मिळाला, टूर लीडर, म्हणे बारा वर्षांचा अनुभव. त्याने फोटो पाठवले, एकेक असले सुंदर की बाबा रात्री झोपेनात. ९ दिवस, आधी सेपिलोकचं जंगल, मग किनाबातांगन नदी, आणि शेवटी ३ रात्री डॅनम व्हॅली या संरक्षित जंगलातल्या लॉजमध्ये. दोघांचे मिळून ११,६०० रिंगिट (मलेशियाचं चलन), त्यातले ७० टक्के आधी. पैसे मागितले ते कंपनीच्या खात्यात नाही तर एका माणसाच्या खात्यात, कारण काय तर कंपनीचं खातं बदलायचं काम चालू आहे. मी भरले. इथेच थांबायला हवं होतं.

पहिले दिवस खरंच छान गेले आणि तिथेच विश्वास बसला. किनाबातांगनवर बोटीतून फिरताना कोणीही गाइड असला तरी दिसायचं ते दिसतंच, कारण नदीकाठ मोकळा असतो. रायनोसरस हॉर्नबिल (धनेश) दिसला, नाकाड माकडांचे कळप दिसले, एक दिवस सकाळी स्टॉर्म्स स्टॉर्क हा दुर्मिळ करकोचा दिसला तेव्हा बाबांनी माझा हात इतका घट्ट धरला की काय सांगू. बोर्निओत हॉर्नबिलच्या ८ जाती आहेत, त्यातल्या ५ आम्हाला त्या नदीवरच मिळाल्या. म्हणजे माणूस बरा आहे असंच वाटलं.

मग लाहाद दातू या गावाला पोचलो आणि त्याने सांगितलं की पावसाने रस्ता खराब झालाय, लॉजपर्यंत गाडी जात नाहीये, पण काळजी करू नका, डॅनमच्याच दुसऱ्या बाजूला माझी ओळखीची जागा आहे, जंगल तेच, पक्षी तेच. आता मला माहितीये की लाहाद दातूपासून डॅनम साधारण ८० किलोमीटर आहे, त्यातला बराचसा कच्चा, आणि जायला अडीच-तीन तास लागतात. आम्ही ५० मिनिटांत पोचलो! आदल्या रात्री नकाशात नुसतं अंतर बघितलं असतं तरी तिथल्या तिथे विचारता आलं असतं.

जागा होती पामच्या मळ्याला लागून एक जंगलाचा तुकडा. डॅनमचं संरक्षित जंगल ४३८ चौरस किलोमीटर आहे, तिथे ५०-६० मीटर उंच झाडं असतात, जगात उष्ण कटिबंधातलं सगळ्यात उंच मोजलेलं झाड, १००.८ मीटरचं, तेही तिथलंच. आमच्याकडे होती बारीक खोडाची, मोठ्या पानांची मॅकरंगाची झाडं, जी जंगल तोडलं की आधी उगवतात. सकाळी ठिपकेवाले होले घुमत होते, जे उघड्यावर आणि वस्तीजवळ राहतात. आणि तीन दिवसांत एकही जळू चावली नाही. सखल भागातल्या ओल्या जंगलात लीच सॉक्स (जळवा चावू नयेत म्हणून घालायचे लांब मोजे) घालूनसुद्धा जळवा सापडतात, आमचे सॉक्स घडीचे परत आले. बाबा दुसऱ्या दिवशी हळूच म्हणाले होते, "अगं, हे जंगल पातळ वाटतंय का?" मी त्यांना म्हटलं, बाबा तुम्ही पुस्तकात वाचून फार मोठं धरलंय. याचं मला अजून वाईट वाटतं.

आता मुख्य गोष्ट. पावसाळी जंगलात पक्षी दिसतात कमी आणि ऐकू येतात जास्त. झाडोरा इतका दाट की पिट्टा दहा फुटांवर जमिनीवर फिरत असला तरी दिसत नाही. म्हणून यादीत "फक्त ऐकला" अशीही नोंद करतात आणि ती प्रामाणिक नोंद असते. पण नवख्या माणसाला तिथले आवाज ओळखता येत नाहीत, म्हणजे ती नोंद पूर्णपणे गाइडच्या कानावर. त्याने नेमका याचाच फायदा घेतला. आम्हाला एका ओंडक्यावर बसवायचा, म्हणायचा हलू नका, मी पुढे बघून येतो, आणि तो झाडीत गेला की पाच मिनिटांत शीळ यायची. परत येऊन कुजबुजायचा, ऐकलंत का, ब्लू-हेडेड. बाबांचे डोळे भरून आले होते पहिल्यांदा. मग तो एखादा बारीक आवाजाचा पक्षी सांगायचा, ऐका वर वाजतोय. बाबांना काही ऐकू यायचं नाही. तो समजुतीने म्हणायचा की वय झालं की वरचे सूर जातात. बाबा तीन दिवस "माझेच कान गेलेत गं" म्हणत होते. ऐकू मलाही येत नव्हतं, पण मी बोलले नाही, मला वाटलं मलाच कळत नसेल. पैसे गेले ते गेले, पण बाबांना स्वतःच्या कानांवर शंका घ्यायला लावली याचा राग माझा जात नाही.

तीन दिवसांत ६४ जाती लिहिल्या, त्यातल्या ४१ "ऐकल्या". ब्रिसलहेडसुद्धा त्यातच, "वरून थवा गेला" म्हणे.

घरी आल्यावर मी फोनवर केलेली रेकॉर्डिंग ऐकत बसले होते. पिट्टाची तीन होती, दोन वेगवेगळ्या दिवसांची, आणि तिन्हीमध्ये तिसऱ्या शिट्टीनंतर फांदी मोडल्यासारखा एक "कट्" आवाज. तोच, तिथेच. पक्ष्यांचे आवाज रेकॉर्ड करणाऱ्या एका ओळखीच्यांना पाठवलं. त्यांनी आवाजाचा आलेख काढला, तिन्ही एकावर एक ठेवले तर तंतोतंत बसले. आणि त्यांनी विचारलं, हे किती वाजताचं आहे? म्हटलं सकाळी नऊचं. ते म्हणाले, मग मागे हा कर्कश्श किडा कसा? बोर्निओत एक मोठा सिकाडा आहे, त्याला तिथे सिक्स ओ'क्लॉक सिकाडाच म्हणतात कारण तो संध्याकाळी सहाच्या सुमाराला ओरडतो. सकाळी नऊला झाडीतून संध्याकाळचा किडा ओरडत होता! झेनो-कॅन्टो या साइटवर जगभरातले आवाज फुकट उतरवता येतात, तिथे शोधलं तर हुबेहूब तेच रेकॉर्डिंग सापडलं, "कट्" सकट. म्हणजे हा झाडीत जाऊन खिशातला स्पीकर लावत होता. खरंच तिथे एखादा पिट्टा असता तर तोही उगाच त्रासला असता, कारण सारखा परक्याचा आवाज ऐकून पक्षी हद्द राखायला धावतात, घरटं, पिल्लं सोडून.

मग सगळंच उलगडत गेलं. माझ्या फोटोंमध्ये लोकेशन साठवलेलं होतं, ते नकाशावर टाकलं तर आम्ही डॅनमच्या हद्दीत गेलोच नव्हतो. लॉजला मेल केला, दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, त्या तारखांना तुमच्या नावाचं बुकिंग कधीच नव्हतं आणि रस्ताही बंद नव्हता. त्याने पाठवलेले फोटोच इंटरनेटवर टाकून ते मुळात कुठले हे शोधलं, चार वेगवेगळ्या फोटोग्राफरचे निघाले, कोपऱ्यातली नावं कापलेली.

जाणार असाल तर लॉजचं बुकिंग तुमच्या नावावर झालंय का हे आधी लॉजलाच विचारा, मधल्या माणसाला नाही. मलेशियात गाइडला आणि टूर कंपनीला सरकारी लायसन्स लागतं, नंबर मागा, देताना का-कू केलं तर सोडून द्या. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या साइटवरच्या गाइडच्या याद्या बघा, वर्षानुवर्षं त्या जागी जाणाऱ्याच्या याद्या असतात आणि त्यात पक्षी न मिळालेले दिवसही असतात. ऑफलाइन नकाशा आधी उतरवून ठेवा, नेटवर्क नसलं तरी आपण कुठे आहोत तो ठिपका दिसतो. आणि पक्षी फक्त ऐकू आला तर गाइडसोबत उभे राहून ऐका, त्याला एकट्याला पुढे पाठवू नका. चांगला गाइड स्वतःच म्हणतो, मला नक्की नाही, लिहू नका.

त्याला सगळे पुरावे पाठवले. आधी म्हणाला निम्मे पैसे देतो, मग नंबर ब्लॉक. बँकेत आणि तिथल्या पर्यटन खात्याकडे तक्रार केलीये, अजून काही हाती आलेलं नाही.

बाबांनी डायरीतल्या त्या तीन दिवसांवर पेन्सिलने आडवी रेघ मारली. किनाबातांगनची पानं तशीच ठेवलीत. कानाची तपासणीही करून आलो, डॉक्टर म्हणाले वयाच्या मानाने चांगलं ऐकू येतं. पुढच्या वर्षी परत जायचं म्हणतायत, लॉजशी मेलवर बोलणं या वेळी ते स्वतःच करतायत.