प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस घरीच बदलले: काही महिन्यांनंतरचा अनुभव

प्रोपेलर शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारी फिरती नळी, आणि क्रॉस म्हणजे तिच्या सांध्यांतला अधिकच्या चिन्हासारखा (+) तुकडा. क्रॉस बदलल्यापासून क्लच सोडताना मागून येणारा 'ठक्' आवाज गेला तो गेलाच, अजून परत आलेला नाही. गाडी मागच्या चाकांवर चालणारी, शाफ्ट दोन तुकड्यांचा, म्हणजे क्रॉस तीन. पुढच्या आणि मागच्या टोकाला ग्रीस निपलवाले, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड असलेले बसवले. मधला सीलबंद घेतला, कारण तिथे ग्रीस गनचं तोंड पोचतच नाही.

जुने क्रॉस किती गेले होते ते उघडल्यावरच कळलं. बाहेरून एवढीच खूण होती की कपाच्या (क्रॉसच्या टोकांवरच्या टोपीच्या) कडेला विटकरी रंगाची भुकटी साचलेली. आत ग्रीस नावालाही नव्हतं, निडल (कपातले सुईसारखे बारीक रोलर) गंजून एकमेकींना चिकटलेल्या, आणि क्रॉसच्या दांड्यावर निडलच्या मापाच्या बारीक उभ्या खाचा. नख फिरवलं की अडकायचं. गंमत म्हणजे खाचा सगळीकडून नव्हत्या. ज्या बाजूंवर जोर येतो तेवढ्याच खाल्लेल्या, बाकी दांडा गुळगुळीत.

घरी करणार असाल तर सगळ्यात आधी गाडी जागची हलणार नाही हे बघा. शाफ्ट उतरवला की गिअर टाकून ठेवण्याला काही अर्थ उरत नाही, गिअरबॉक्स आणि चाकांचा संबंधच तुटतो. काही गाड्यांत हँडब्रेकही गिअरबॉक्सच्या मागेच असतो, तिथे तोही निकामी. चाकांना दोन्हीकडून ओंडके लावा, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका, स्टँड हवेतच.

दुसरं, उतरवण्याआधी फ्लँज (बोल्टने जोडायची चकती), योक (क्रॉस धरणारा दोन कानांचा चिमटा) आणि स्प्लाइन (एकमेकांत सरकणारे दाते), सगळीकडे रंगाने खुणा करा. शाफ्ट तिरका चालतो तेव्हा एक क्रॉस प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग वाढवतो आणि दोनदा कमी करतो. हा चढउतार त्याचा जोडीदार क्रॉस फेडतो. योक एका रेषेत असले तरच हे जमतं. स्प्लाइन चुकीच्या दातावर बसली तर कोरे करकरीत क्रॉस घालूनही गाडी थरथरणार.

बाकी कामाला प्रेस लागत नाही, दणकट व्हाइस पुरतो. कपापेक्षा लहान सॉकेटने ढकलायचं आणि समोर कप मावेल असा मोठा सॉकेट धरायचा. लॉक (कप जागेवर धरणारी रिंग) काढण्याआधी गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू दिलं तर अर्धा वैताग वाचतो. खरी परीक्षा नवे कप बसवताना. एखादी निडल आडवी पडून कपाच्या तळाशी गेली की कप पुरता आत जात नाही आणि लॉक खाचेत बसत नाही. अशा वेळी हातोडा उचलू नये, कप बाहेर काढून बघावा. क्रॉसचा दांडा कपात थोडा शिरलेला ठेवूनच व्हाइस आवळत गेलं तर निडल उभ्या राहतात. बसवल्यावर क्रॉस जाम वाटला तर योकच्या कानांवर तांब्याच्या हातोडीने हलके ठोके द्या. कप लॉकला टेकतो आणि जॉइंट मोकळा होतो.

आता वापराचं. निपलवाल्यांना अधूनमधून ग्रीस देतो. चारही सीलमधून नवं ग्रीस डोकावलं पाहिजे. मागच्या क्रॉसचा एक कप दर वेळी हटून बसतो. शाफ्ट थोडा फिरवून पुन्हा गन लावली की सुटतो. जादा ग्रीस फिरताना उडून वरच्या पत्र्याला लागतं, तेवढी घाण सोसावी लागते. पाण्यातून गाडी काढली की मात्र ग्रीस देण्यात आळस करत नाही. सीलबंद क्रॉसकडे बघावंही लागलेलं नाही, त्यात अजून ढिलेपणा नाही, पण आत काय चाललंय ते कळायलाही मार्ग नाही.

माझं मत विचाराल तर गन कोनाड्यात धूळ खात पडणार असेल तर सगळे सीलबंदच घ्या. ग्रीस न दिलेला निपलवाला क्रॉस काहीच कामाचा नाही.

तपासताना जॉइंटच्या दोन्ही बाजू हातात धरून उलटसुलट पिळा आणि नजर क्रॉसवर ठेवा. सगळा शाफ्ट किंचित फिरतो तो बहुतेक डिफरन्शिअलच्या (मागच्या चाकांमधल्या गिअरच्या डब्याच्या) दात्यांचा प्ले, म्हणजे ढिलेपणा असतो, त्याचा आळ क्रॉसवर नको.

वेगात सीटखाली जाणवणारी थरथर बरीच कमी झाली, पण पूर्ण नाही. उरलेली मधल्या बेअरिंगच्या (शाफ्टला मध्ये आधार देणाऱ्या) फाटलेल्या रबराची निघाली, त्यामुळे शाफ्ट पुन्हा उतरवणं आलं. तुम्ही क्रॉससाठी शाफ्ट खाली घेतलाच आहे, तर ते रबरही त्याच वेळी बघून घ्या.