केपटाऊनमध्ये रस्त्यावर चालायला परमिट लागत नाही, कुणी मागितलं तर तिथून निघा

आपल्याकडून केपटाऊनला फिरायला येणारे वाढलेत म्हणून हे लिहितेय, कृपया येणाऱ्या प्रत्येकाला वाचायला द्या, खासकरून घरातल्या मोठ्या माणसांना. मी इथे बरीच वर्षं राहते. या शहरात कुठल्याही रस्त्यावर पायी चालायला परवाना, पास, पावती असलं काहीही लागत नाही. रस्ता बंद असेल तरी नाही. मोर्चा असेल, मिरवणूक असेल, कुणी मंत्री येणार असेल तरीही नाही.

फेब्रुवारीत नाशिकहून दादा-वहिनी आले होते. फेब्रुवारीत इथे राष्ट्राध्यक्षांचं संसदेपुढे मोठं भाषण असतं, २०२२ च्या जानेवारीत संसदेच्या इमारतीला आग लागली तेव्हापासून ते सिटी हॉलमध्ये होतंय, आणि त्यासाठी मध्यवर्ती भागातले बरेच रस्ते खरोखरच बंद करतात, बॅरिकेड असतात, पोलीस असतात. हे नीट लक्षात घ्या, कारण फसवणारे नेमके असेच दिवस बघतात. नवीन वर्षाचा कार्निव्हल असो नाहीतर मार्चमधली सायकल शर्यत, रस्ते खरे बंद असतात, त्यामुळे त्यांची थाप खरी वाटते.

मी ऑफिसला होते. दोघं सकाळी कंपनीज गार्डन बघून वेल स्ट्रीटने बो-कापकडे निघाले, ती रंगीबेरंगी घरं बघायला, सरळ चढाचा रस्ता आहे, पर्यटक दिवसभर ये-जा करत असतात. वाटेत एकाने थांबवलं, अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट, गळ्यात ओळखपत्र, हातात वॉकी-टॉकी. अतिशय अदबीने म्हणाला की सर, पुढे कार्यक्रमामुळे रस्ता बंद आहे, पर्यटकांना परमिट लागतं, फुकट आहे, मशीनमधून स्लिप निघते, ती दाखवली की सोडतात. तेवढ्यात समोरून दुसरा एक आला, हातात स्लिप, म्हणाला मी आत्ताच काढली, दोन मिनिटांचं काम आहे. तो अर्थातच त्याचाच साथीदार. आता दादा काही भोळा माणूस नाही हो, आयुष्यभर सरकारी नोकरी केलेला, पण परक्या देशात गणवेशातला माणूस नियम सांगतोय म्हटल्यावर कायदा पाळणारा माणूस ऐकतोच, आणि तिथेच हे लोक पकडतात.

मशीन म्हणजे साधं बँकेचं एटीएम. कार्ड घालायला लावलं, पिन टाकायला लावला, तो जॅकेटवाला बाजूला उभा राहून बघतोय, मग मदत करतो म्हणून त्यानेच कॅन्सल दाबलं, कार्ड बाहेर आल्यावर स्वतःच काढलं, म्हणाला हे मशीन बिघडलंय, पलीकडच्या गल्लीत दुसरं आहे, आणि कार्ड दादाच्या हातात दिलं. दिलं ते त्याच रंगाचं दुसऱ्याच कुणाचं तरी कार्ड होतं. दोघं पलीकडची गल्ली शोधत राहिले, मग कंटाळून तसेच बो-कापला गेले, आणि तिथे कुणी काही विचारलंसुद्धा नाही! दुपारी जेवणाचं बिल देताना कार्ड चालेना म्हणून वहिनीने हातात घेऊन बघितलं तर नाव वेगळं. तोपर्यंत बरेचसे पैसे काढून झाले होते, दोन दुकानांत खरेदीही झाली होती, शेवटी सगळे मिळून ४०,००० रुपयांच्या आसपास गेले. भारतातल्या सिमचं रोमिंग बंद ठेवलेलं, त्यामुळे बँकेचे एसएमएस आलेच नाहीत.

पुढचं बँकेचं ऐका, ते कुणी सांगत नाही. रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७ चा नियम आहे, ग्राहकाची आणि बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाला झळ बसत नाही. पण पिन उघड झाला असेल तर तो ग्राहकाचा निष्काळजीपणा धरला जातो आणि बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. बँकेने हेच दाखवलं. मला हे पटत नाही, समोर उभा राहून दिशाभूल करून पिन बघितला यात निष्काळजीपणा कसला, पण नियम तसा आहे, म्हणून मिनिटामिनिटाला किंमत आहे. आम्ही ब्यूटेनकांट स्ट्रीटच्या पोलीस स्टेशनला जाऊन तक्रार दिली, तिथे केस नंबर मिळतो तो जपून ठेवा, बँक पुढे तोच मागते.

दुसरा अनुभव द्राक्षाच्या भागातला. वहिनीचं माहेर पिंपळगाव बसवंतचं, घरच्या बागा, त्यामुळे तिला टेबल माउंटनच्या डोंगरापेक्षा स्टेलनबॉशच्या द्राक्षमळ्यांची ओढ जास्त. नाशिकहूनच एका टूरवाल्याकडे दिवसाची सहल बुक केलेली, तीन वाइन फार्म, टेस्टिंगसकट म्हणजे वाइन चाखण्यासकट, शिवाय फ्रान्शहूक गावची, एका फार्मवरून दुसऱ्या फार्मवर नेणारी वाइन ट्राम. पूर्ण पैसे आगाऊ भरलेले. गाडी आली, ड्रायव्हर बिचारा चांगला होता, पण पहिल्याच फार्मच्या काउंटरवर टेस्टिंगचे पैसे मागितले, आमच्या नावाने काही भरलेलंच नाही. दुसरीकडेही तेच. ट्रामचं बुकिंगही नाही. टूरवाला फोन उचलेना, ड्रायव्हरला तर फक्त गाडीचे पैसे ठरलेले होते.

त्यामुळे इथल्या माणसासारखं फिरा. टेस्टिंगचे पैसे त्या-त्या फार्मवरच द्यायचे असतात. ट्रामचं तिकीट ट्रामवाल्यांच्याच वेबसाइटवर काढा, त्या तिकिटात टेस्टिंग धरलेलं नसतं, त्यामुळे 'सगळं आत आहे' असं कुणी म्हणालं तर लेखी मागा. रॉबेन आयलंडचं, म्हणजे मंडेला कैदेत होते त्या बेटाचं, तिकीट तिथल्या म्युझियमकडूनच घ्यायचं, बोट बंदरावरच्या वॉटरफ्रंटवरून सुटते. टेबल माउंटनच्या केबल कारचंही तेच, आणि तिथे वारा सुटला की केबल कार बंद ठेवतात, उन्हाळ्यात तर आग्नेयेचा वारा फार, म्हणून सकाळी त्यांच्या साइटवर बघूनच निघा. वेळ कमी असेल तर ग्रूट कॉन्स्टन्शिया या जुन्या वाइन फार्मवर जा, १६८५ पासूनची जागा, शहरातच आहे, टूरवाला लागतच नाही. स्वतः गाडी चालवणार असाल तर पिऊन बसू नका, रक्तात १०० मिलीला ०.०५ ग्रॅमची मर्यादा आहे आणि तपासणी होते.

एवढं होऊनही वहिनीचा तो दिवस वाया गेला नाही याचं मला बरं वाटतं. एका फार्मवरच्या बाईंशी तिने तासभर गप्पा मारल्या, इथे आपल्यासारखा मांडव नाही, तारेवर सरळ रांगा नाहीतर जमिनीलगतची झुडपं, आणि छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात. आपल्याकडे एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला गोडी छाटणी असते म्हटल्यावर त्या बाई चाटच पडल्या.

आता निघण्यापूर्वी करायचं ते. एटीएम बँकेच्या आतलं किंवा मॉलमधलं वापरा, रस्त्यावरचं नको. मशीनजवळ कुणी बोलायला आला की कॅन्सल दाबून कार्ड स्वतःच्या हाताने काढा आणि चालू पडा, उद्धट वाटलं तरी चालेल. बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशी व्यवहार चालू-बंद करायची आणि मर्यादा ठेवायची सोय असते, रक्कम कमी ठेवा, गरज नसताना बंद. एसएमएस येतील एवढं रोमिंग चालू ठेवा. मोबाइलवरून आणीबाणीला ११२, पोलिसांना १०१११. आणि कार्ड ब्लॉक करायचा बँकेचा परदेशातून लागणारा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा, कारण आपले १८०० वाले टोल फ्री नंबर बाहेरून बहुतेक लागत नाहीत, दादा तोच नंबर परत परत लावत बसला होता आणि शेवटची रक्कम तेवढ्या वेळातच गेली.