लॉग होममध्ये रॉकवूलचं 'सेफ'न'साउंड': कुठे भरावं, कुठे नाही

अमेरिका-कॅनडात ओंडक्यांच्या घरातला आवाज कमी करायचा म्हटलं, की पहिलं नाव सुचवलं जातं ते रॉकवूल कंपनीच्या 'सेफ'न'साउंड' या खनिज लोकरीच्या लाद्यांचं. माल उत्तम आहे. पण लॉग होमची बाहेरची भिंत भरीव लाकडाची, तिच्यात काही भरायला पोकळीच नसते. रस्त्याचा आवाज आत येत असेल तर तो ओंडक्यांमधल्या फटींतून आणि खिडक्यांच्या कडांतून येतो. तिथे चिंकिंगची (ओंडक्यांमधल्या फटी बुजवणाऱ्या भरावाची) डागडुजी हवी, खनिज लोकर नव्हे. ही लोकर आतल्या पार्टिशनसाठी आहे, आणि तिथे ती पैसे वसूल करते.

लाकडी स्टडसाठीची (पार्टिशनच्या आतल्या उभ्या खांबांसाठीची) लादी ३ इंच जाड, १५.२५ इंच रुंद, ४७ इंच लांब. पुडक्यात १२ लाद्या, म्हणजे ५९.७ चौरस फूट. १२ फूट लांब आणि ८ फूट उंच भिंतीला दोन पुडकी पुरून थोडा माल उरतो. स्टड १६ इंचांवर असले की मधली जागा साडेचौदा इंचांची असते, त्यामुळे पाऊण इंच जास्तीची लादी आपोआप घट्ट बसते, स्टेपल लागत नाहीत. टू-बाय-फोर मापाच्या स्टडमधल्या साडेतीन इंची पोकळीत अर्धा इंच हवा राहते, ती राहू द्यावी. दाबून दोन थर कोंबण्यात काही फायदा नाही. कापायला लांब दातेरी सुरी, अंगावर हातमोजे, मास्क आणि चष्मा. वायर आडवी आली तर लादी जाडीत चिरून वायरच्या दोन्ही बाजूंना बसवा. वायरमागे चेपलेली लादी पुढे पोकळी सोडते. शिवाय ही लोकर जळत नाही, आणि सगळं घरच लाकडाचं असताना ही गोष्ट मोलाची आहे.

नुसती लोकर भरून चमत्कार होत नाही. दोन्ही बाजूंचा ड्रायवॉल (जिप्समचा तक्ता) त्याच स्टडवर ठोकलेला असेल तर आवाज लाकडातून पलीकडे जातोच. खरा फरक रेझिलिएंट चॅनलने, म्हणजे स्टड आणि ड्रायवॉलच्या मधल्या लवचीक पत्र्याच्या पट्टीने पडतो. तो एका बाजूला, स्टडला आडवा, २४ इंचांपेक्षा जास्त अंतर न ठेवता लावावा आणि त्यावर ५/८ इंची ड्रायवॉल बसवावा. इथे सर्रास होणारी चूक लांब स्क्रूची: स्क्रू चॅनल पार करून स्टडमध्ये शिरला, की चॅनल लावून न लावल्यासारखाच. १ इंची स्क्रू पुरतो. ड्रायवॉलच्या चारही कडांना पाव इंच फट सोडून ती कडक न होणाऱ्या अकूस्टिक सीलंटने भरा. पाठीला पाठ लावून विजेचे बॉक्स बसवू नका. वेगवेगळ्या स्टडमध्ये सरकवा.

एवढं करूनही कुकरची शिट्टी, गप्पा, टीव्ही यांत जितका फरक जाणवेल, तितका डग्ग्याच्या घुमाऱ्यात जाणवणार नाही. खालचे सूर अडवायला वजन लागतं, म्हणजे ड्रायवॉलचा आणखी एक थर.

लॉग होमची खरी अडचण पार्टिशनच्या माथ्यावर आहे. ओल्या, हाताने तासलेल्या ओंडक्यांची भिंत दर फूट उंचीमागे अर्धा ते पाऊण इंच खाली बसते. ८ फुटांना हे ४ ते ६ इंच होतात. म्हणून पार्टिशनच्या वर तेवढी मोकळी जागा सोडलेली असते, आणि आवाज नेमका तिथून पलीकडे जातो. ही फट ड्रायवॉलने किंवा फोमने बंद करू नका. छत खाली येताना पार्टिशन वाकेल, दारं अडकतील. ही लादी इथे भरू नये, कारण ती ताठ आहे. मऊ फायबरग्लास सैल भरा आणि दोन्ही बाजूंनी झाकपट्टी लावा. पट्टी फक्त वरच्या तुळईला ठोकावी, भिंतीला नाही, म्हणजे ती भिंतीवरून खाली सरकत राहते. पार्टिशन जिथे ओंडक्यांना भिडतं तिथला शेवटचा स्टडही उभ्या लांबट भोकांतून स्क्रूने धरावा, आणि फट बॅकर रॉड (फोमची गोल दोरी) व लवचीक सीलंटने भरावी.

वरच्या मजल्यावरच्या पावलांच्या आवाजावर या मालाचा फारसा उपयोग नाही. उघड्या तुळयांवरच्या फळ्या याच खालचं छत असतात. मध्ये पोकळी कुठली? फळ्यांवर रबराचा थर आणि नवी जमीन टाकता येते, पण मग जिन्याची शेवटची पायरी आधी मोजा. अमेरिकेतल्या निवासी बांधकामाच्या नमुना नियमांनुसार एका जिन्यातल्या पायऱ्यांच्या उंचीत ३/८ इंचापेक्षा जास्त फरक चालत नाही.

उंच, उतरत्या छताच्या दिवाणखान्यातला घुमारा मात्र याच लाद्यांनी छान आटोक्यात येतो. दोन लाद्या शेजारी ठेवून ४७ × ३०.५ इंचांची चौकट करा आणि हवा आरपार जाईल असं कापड ताणा (तोंडाने फुंकर मारून पाहा). मागे दोन-तीन इंच जागा सोडून चौकट टांगा. गोल ओंडके आवाज थोडा विखुरतात. जास्त परतवतात त्या मोठ्या काचा, फळ्यांचं छत आणि उघडी जमीन. म्हणून चौकटी काचेसमोरच्या त्रिकोणी भिंतीवर उंच लावाव्यात आणि खाली जाड गालिचा अंथरावा.

घेताना पुडक्यावर लाकडी स्टडचीच रुंदी पाहून घ्या. लोखंडी स्टडसाठीच्या लाद्या जास्त रुंद असतात, आणि लाकडी चौकटीत प्रत्येक लादी कापत बसावी लागते.