हायस्कूलचा रनिंग बॅक पारखताना: हेन्री, मॅकॅफ्री की टेलर?

आपल्या युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीमने हायस्कूलचा एखादा रनिंग बॅक घेतला की पहिल्या तासाभरात तीन गोष्टी फॅन मंडळींत फिरू लागतात: त्याचे स्टार किती (रिक्रूटिंग साइट देतात ते मानांकन, जास्तीत जास्त पाच), शाळेत त्याने यार्ड किती काढले (म्हणजे चेंडू किती पुढे नेला) आणि चार-पाच मिनिटांचा हायलाइट व्हिडिओ. मुलगा जेमतेम सतरा-अठरा वर्षांचा असतो. तेवढ्या भांडवलावर कोणी त्याला पुढचा हाइझमन (कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी) विजेता ठरवून मोकळं होतं, तर कोणी 'एवढा काही खास नाही' म्हणून निकालात काढतं. मास्टर्ससाठी अमेरिकेत आलेल्या आणि शनिवारच्या मॅचची गोडी लागलेल्या आपल्या मराठी मंडळींतही हा वाद जोरात चालतो. यातला कोणता पुरावा किती धरायचा, हे ठरवण्यासाठी तीन मुलं शेजारी शेजारी उभी करून बघावीत. तिघं पुढे मोठे झाले, पण हायस्कूलमधून बाहेर पडताना तिघांच्या हातातले दाखले अगदी वेगळे होते.

नव्या वाचकासाठी एवढंच, की रनिंग बॅक म्हणजे क्वार्टरबॅककडून चेंडू हातात घेऊन समोरच्या गर्दीत घुसणारा गडी. त्याला वाट करून देणारे पाच धिप्पाड खेळाडू म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन. या पाच जणांचा उल्लेख पुढे पुन्हा पुन्हा येईल, कारण रनिंग बॅकच्या कौतुकात त्यांचाच सगळ्यांना विसर पडतो.

पहिला डेरिक हेन्री. फ्लोरिडात जॅक्सनव्हिलच्या उत्तरेला युली नावाचं छोटं गाव आहे, तिथल्या शाळेचा हा मुलगा. त्याचा दाखला म्हणजे आकडे, आणि आकडे असे की वाचताना डोळे विस्फारावेत. 2012 च्या शेवटच्या सीझनमध्ये 13 मॅचमध्ये 4,261 यार्ड, म्हणजे एका मॅचला सरासरी सव्वातीनशेच्या वर. शाळेची सगळी वर्षं धरून 12,124. टेक्ससच्या शुगर लँडमधल्या केन हॉलने 1953 मध्ये 11,232 यार्डांवर नेऊन ठेवलेला राष्ट्रीय विक्रम जवळजवळ साठ वर्षं कोणाला मोडता आला नव्हता, तो या पोराने मोडला.

तरीही शंका होत्याच. मानांकन उत्तम होतं, पण उंची सहा फूट तीन इंच आणि अंगानेही आडवा. एवढा उंच गडी सरळ उभा पळतो, मग कॉलेजातले लाइनबॅकर (बचावातल्या मधल्या फळीचे खेळाडू) त्याला कमरेखाली धरून सहज पाडतील, असं जाणकार म्हणत. रिक्रूटिंगवाल्यांनी त्याची नोंदच रनिंग बॅक म्हणून न करता 'अॅथलीट' अशी मोघम केली होती. हा पुढे लाइनबॅकर होईल, असं कित्येकांना वाटत होतं. आधी जॉर्जिया युनिव्हर्सिटीला दिलेला शब्द फिरवून तो अलाबामा युनिव्हर्सिटीला गेला.

दुसरा ख्रिश्चन मॅकॅफ्री, कोलोरॅडोतल्या व्हॅलर ख्रिश्चन शाळेचा, 2014 च्या बॅचचा. त्याचा दाखला घराणं आणि अष्टपैलूपणा. वडील एड मॅकॅफ्री डेन्व्हर ब्रॉन्कोजचे नावाजलेले रिसीव्हर (पास झेलणारे खेळाडू), व्यावसायिक लीग एनएफएलचं अजिंक्यपद, म्हणजे सुपर बोल, तीनदा जिंकलेले. आईचे वडील डेव्ह साइम यांनी 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये 100 मीटरचं रौप्यपदक मिळवलं होतं. मुलगा शाळेत धावायचा, पास झेलायचा, बचावात कॉर्नरबॅक खेळायचा, पंटही मारायचा (चेंडू पायाने लांब टोलवायचा). पण स्टार चारच. शंका हेन्रीच्या बरोबर उलटी: हा अंगाने लहान, कॉलेजात एका मॅचमध्ये वीस-पंचवीस वेळा चेंडू घेऊन मार खाण्याची ताकद याच्यात आहे का? त्यातून शाळा राज्यात सतत जिंकणारी, मग यातलं याचं स्वतःचं किती आणि शाळेचं किती? ही दुसरी शंका मला आजही रास्त वाटते. प्रत्येक चांगल्या शाळेच्या मुलाबाबत ती विचारलीच पाहिजे.

तिसरा जोनाथन टेलर, न्यू जर्सीच्या दक्षिण टोकाच्या सेलम गावचा, 2017 च्या बॅचचा. स्टार फक्त तीन. हायस्कूलच्या शेवटच्या वर्षी त्याने 2,815 यार्ड काढून साउथ जर्सीचा विक्रम मोडला खरा, पण त्या भागातल्या शाळा छोट्या, म्हणून या आकड्याला कोणी फारशी किंमत दिली नाही. आधी त्याने रटगर्सला शब्द दिला होता, नंतर विस्कॉन्सिनला गेला. त्याचा दाखला म्हणजे घड्याळ: 100 मीटर 10.61 सेकंदांत, आणि राज्याचं विजेतेपद. दोनशे पौंडांच्या वरच्या मुलाने हा वेळ काढणं ही साधी गोष्ट नव्हे.

आता स्टारांचं बघू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहे. 247स्पोर्ट्स ही रिक्रूटिंग साइट दरवर्षी साधारण 32 मुलांना पाच स्टार देते. हा आकडा एनएफएल ड्राफ्टच्या (संघ पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात, त्याच्या) पहिल्या फेरीतल्या 32 निवडींवरून घेतलेला आहे. म्हणजे मुलगा तीन-चार वर्षांनी व्यावसायिक संघांना किती मोलाचा वाटेल, याचा तो अंदाज असतो. तुमच्या कॉलेजला पुढच्या दोन सीझनमध्ये त्याचा किती उपयोग होईल, हा वेगळा प्रश्न आहे, आणि फॅनला खरं तर त्याचंच उत्तर हवं असतं. शिवाय एनएफएलमध्ये रनिंग बॅक पहिल्या फेरीत फारसे जात नाहीत, त्यामुळे या जागेवरच्या मुलांना पाच स्टार मुळात जपूनच मिळतात.

म्हणून स्टार खोटे असतात असं नाही. 2014 च्या बॅचमध्ये न्यू ऑर्लिन्सचा लेनर्ड फोर्नेट अगदी वरच्या क्रमांकावर होता आणि एलएसयूत (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत) दुसऱ्याच वर्षी त्याने 1,953 यार्ड काढून तो क्रमांक सार्थ केला. पण 2009 मध्ये रायव्हल्स या दुसऱ्या रिक्रूटिंग साइटने देशात पहिला ठरवलेला ब्राइस ब्राउन टेनेसीत एक सीझन खेळला, तिथून कॅन्सस स्टेटला गेला आणि तिथे त्याच्या वाट्याला चेंडू जवळजवळ आलाच नाही. मुलात दम होता; पुढे एनएफएलमध्ये फिलाडेल्फियाकडून तो चमकलाही. पण दोन्ही कॉलेजांच्या फॅनना त्या पाच स्टारांचा फायदा मिळाला नाही.

शाळेतले यार्ड हा दुसरा दाखला. तो वाचताना समोर कोण होतं, हे आधी विचारायचं. आठवड्याला तीनशे यार्ड काढणाऱ्या मुलासमोर बहुतेक वेळा असे बचावपटू असतात, ज्यांतला एकही जण पुढे कॉलेजात खेळणार नसतो. हेन्रीच्या आकड्यांवर हाच आक्षेप होता आणि तो चुकीचा नव्हता. तरी त्या आकड्यांत एक गोष्ट लपलेली होती, ती फार कमी जणांनी वाचली: वर्षानुवर्षं सगळ्या शाळेचा भार अंगावर घेऊनही तो मोडला नाही. 2015 मध्ये अलाबामात त्याने 395 वेळा चेंडू घेतला, 2,219 यार्ड आणि 28 टचडाऊन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन मिळवलेले गुण) केले. ऑबर्नविरुद्धच्या मॅचमध्ये तर एकट्याने 46 वेळा चेंडू नेला. हा दम त्याच्या शाळेच्या आकड्यांत आधीच दिसत होता.

व्हिडिओ बघण्याचीही एक रीत आहे. हायलाइटमध्ये ऐंशी यार्डांची मोकळी धाव दिसली की आपण हरखतो, पण त्या धावेत मुलाला कोणी हातही लावलेला नसतो, वाट लाइनने करून दिलेली असते. मी व्हिडिओ धक्का बसण्याच्या क्षणाला थांबवून बघतो. खांद्याला खांदा लागला तेव्हा पाय कुठे होते? पुढची दोन पावलं पडली की गुडघा टेकला? कबड्डीत पकडीत सापडलेला चढाईपटू अंग पिळून मध्यरेषेकडे सरकत राहतो, तसा हा धरल्यावरही पुढे सरकतो का? मॅकॅफ्रीकडे ही गोष्ट होती, पण ती ताकदीची नव्हती. तो धक्का थेट घ्यायचाच नाही, ऐन वेळी कंबर वळवून अर्धाच धक्का घ्यायचा. अंगाने लहान म्हणून त्याला कमी लेखणाऱ्यांनी ही अर्ध्या धक्क्याची कला पाहिलीच नाही.

2016 च्या जानेवारीतले दोन प्रसंग शेजारी ठेवले की दोघांतला फरक लख्ख दिसतो. एक तारखेला रोझ बोलमध्ये आयोवाविरुद्ध स्टॅनफर्डच्या अगदी पहिल्या चालीवर मॅकॅफ्रीने मधोमध पास झेलला आणि 75 यार्ड पळत टचडाऊन केला. नंतर पंट परतवून आणखी एक. अकरा तारखेला राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या मॅचमध्ये क्लेमसनसमोर हेन्री पहिल्याच क्वार्टरमध्ये लाइनमधल्या फटीतून घुसला आणि 50 यार्डांवर जाऊनच थांबला. मॅकॅफ्रीला फटीची गरज पडली नव्हती. हेन्रीला पडली, पण ती फट एकदा मिळाल्यावर त्याला कोणी गाठू शकलं नाही. त्या सीझनचा हाइझमन हेन्रीला मिळाला. दुसरा आलेल्या मॅकॅफ्रीने बॅरी सँडर्सचा 1988 चा, एका सीझनमधल्या सर्व प्रकारच्या यार्डांचा (धाव, झेल, परतवलेले चेंडू मिळून) 3,250 चा विक्रम 3,864 वर नेला. तो हाइझमन मॅकॅफ्रीला मिळायला हवा होता असं माझं मत आहे, आणि त्यावर मी कोणाशीही तासभर बोलायला तयार आहे.

मात्र तिघांच्या यशात ते कुठे गेले याचा वाटा निदान अर्धा तरी आहे. विस्कॉन्सिनची लाइन देशात नावाजलेली. साउथ जर्सीचीच मुलं तिथे नेऊन घडवण्याची त्यांची परंपरा: 1999 चा हाइझमन जिंकलेला रॉन डेन तिकडचाच, आणि टेलरने ज्याचा विक्रम मोडला तो कोरी क्लेमंटही विस्कॉन्सिनलाच खेळला होता. टेलरने पहिल्याच वर्षी 1,977 यार्ड काढून एड्रियन पीटरसनचा पहिल्या वर्षाचा विक्रम मागे टाकला आणि तीन वर्षांत 6,174 यार्ड केले. ही वाट त्याच्यासाठी आधीच तयार होती. त्याच विस्कॉन्सिनमध्ये त्याला पास फारसे मिळाले नाहीत. पहिल्या दोन वर्षांत दर वर्षी आठ झेल, म्हणून त्याला पास झेलता येत नाही असा बोभाटा झाला. तिसऱ्या वर्षी पास दिले, तर त्याने 26 झेल घेतले.

उलट बाजूही बघा. 2013 मध्ये हेन्रीच्याच बॅचमध्ये अलाबामाने आणखी एक रनिंग बॅक घेतला होता, त्याचं नाव अल्विन कमारा. त्याला तिथे जागाच मिळाली नाही. तो कॅन्ससमधल्या छोट्या कम्युनिटी कॉलेजात गेला, तिथून टेनेसीला, आणि 2017 मध्ये एनएफएलचा सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडू ठरला. अलाबामाच्या फॅननी 2013 च्या हिवाळ्यात मुलगा बरोबर ओळखला होता, पण रांग किती लांब आहे हे पाहिलं नव्हतं.

ही रांग आज आणखी महत्त्वाची झाली आहे. हेन्रीसुद्धा पहिली दोन वर्षं मुख्यतः टी. जे. येल्डनच्या मागे थांबला. दुसऱ्या वर्षी त्याचे 990 यार्ड झाले. 2021 पासून कॉलेज बदलल्यावर एक वर्ष बसून राहण्याची अट गेली, त्याच वर्षी खेळाडूंना स्वतःचं नाव जाहिरातींत वापरू देऊन पैसे घेण्याची मुभा आली, आणि 2025 पासून तर कॉलेजं थेट पैसे देतात. आज युलीचा तो मुलगा दोन वर्षं थांबला असता का? मला नाही वाटत. म्हणून नवा रनिंग बॅक आला की त्याच्या पुढे किती जण आहेत आणि त्यांतले किती पुढच्या वर्षी जाणार आहेत, हे मी त्याच्या स्टारांच्या आधी बघतो.

तेव्हा निवड करायचीच तर अशी करावी. तुमच्या टीमची लाइन अनुभवी असेल, कोच चेंडू जमिनीवरून नेणारा असेल, तर हेन्रीसारख्या मुलावर बिनधास्त आशा ठेवा. शाळेतले आकडे फुगलेले असोत, त्यांतला दम फुगलेला नसतो. लाइन कच्ची असेल, तर तोच मुलगा चालीगणिक दोन यार्डांवर अडकेल आणि तुम्ही त्यालाच बोल लावाल. तिथे मॅकॅफ्रीसारखा हवा. त्याला वाट करून द्यावी लागत नाही, त्याला मोकळ्या जागेत चेंडू पोचवला की झालं. फक्त कोच त्याला रिसीव्हरसारखं वापरेल याची खात्री हवी, नाहीतर हा मुलगा बाकावर सडेल. स्टॅनफर्डमध्येसुद्धा पहिल्या वर्षी त्याला धावायला फक्त 42 वेळा चेंडू मिळाला होता.

आणि लाइन कशी आहे, कोच टिकणार की नाही, यातलं काहीच सांगता येत नसेल, तर मी टेलरचा दाखला घेईन. तीन स्टार का असेनात, दोनशे पौंडांचा मुलगा आणि अधिकृत स्पर्धेत, पंचांच्या घड्याळावर नोंदलेला 10.61. त्या वेळेवर समोरच्या बचावाचा, शाळेच्या लाइनचा किंवा व्हिडिओ कापणाऱ्याचा काही परिणाम होत नाही. अशा मुलाची बातमी आली की मी आधी ट्रॅकचे निकाल उघडतो, मग व्हिडिओ, आणि स्टार सगळ्यात शेवटी.